सुगरण कोण?

सुगरण हें नांव मराठी भाषेनें दोघींना दिलें आहे. एक घरांतली आणि दुसरी झाडावरची. घरांतली सुगरण म्हणजे सुगृहिणी. शब्दाची व्युत्पत्तीच तशी आहे. तिच्या हाताला चव, कामाला उरक आणि संसाराला टापटीप असावयाची. झाडावरची सुगरण म्हणजे चिमणीएवढें एक पांखरूं. पावसाळ्यांत तें ताडाच्या किंवा शिंदीच्या झावळीच्या टोंकाला असा कांहीं खोपा विणून टांगतें कीं, हात असलेल्या माणसानेंही तो पाहून मान खालीं घालावी. इतकें नीटनेटकें घर बांधणारी ती स्त्रीच असली पाहिजे, असें आपल्या पूर्वजांनीं गृहीत धरलें आणि तिला गृहिणीचें नांव देऊन टाकलें. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनींही आपल्या कवितेंत ह्या खोप्याचें कौतुक केलें तें आईच्या मायेचें म्हणूनच. कविता म्हणून ती अमोल आहे. परंतु झाडाखालीं चार दिवस उभें राहून जो कोणी शांतपणें पाहील, त्याला एक विलक्षण गोष्ट दिसेल. खोपा विणणारें तें पांखरूं मादी नसून नर असतें. सुगरण घर बांधीतच नाहीं. सुगरणीचा नवरा बांधतो!

हें पहावयास मुंबईकर श्रोत्यांना फार लांब जावयास नको. पुष्कळशा लोकल गाड्यांचा शेवटचा थांबा जें विरार, तेथें उतरून पश्चिमेची वाट धरावी. १८६७ सालच्या १२ एप्रिलला मुंबईकडे जाणारी पहिली उपनगरी गाडी निघाली ती येथूनच. तेव्हांपासून ह्या गांवाचें तोंड मुंबईकडे वळलें आहे आणि स्टेशनाभोंवतीं आज इमारतींची गर्दी झाली आहे. पण आगाशी-अर्नाळ्याच्या बाजूला जेथें जेथें भाताचें खाचर, एखादी विहीर आणि ताड-शिंदीचीं चार झाडें अजून एकमेकांजवळ उरलीं असतील, तेथें तेथें मान वर करून पहावें. ह्या पांखराला तिन्ही वस्तू लागतात. भाताचें पान हें त्याचें सूत, झावळी ही त्याची खुंटी, आणि खालीं पाणी असलें तर शत्रूला वर चढणें अवघड. लावणी आटोपून रोपें हातभर उंच झालीं, म्हणजे नराच्या माथ्यावर हळदीसारखा पिवळा रंग चढतो आणि तो कामाला लागतो.

ह्या पांखराच्या संसाराचें कोडें उलगडलें तें आपल्याच किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या किहीम ह्या गांवीं. सुप्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली (१८९६–१९८७) हे जर्मनींत पक्षिशास्त्राचा अभ्यास करून १९३० सालीं परत आले. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्यें ते पूर्वीं काम करीत. परत येऊन पहातात तों पैशाच्या टंचाईमुळें ती जागाच रद्द झालेली. विद्या पदरीं, पण नोकरी नाहीं. अशा वेळीं ते पत्नीसह किहीमला जाऊन राहिले. घराच्या जवळच सुगरण पक्ष्यांची एक वसाहत होती. दुसरा एखादा मनुष्य दैवाला बोल लावीत बसला असता; सालिम अलींनीं शिडीची बैठक करून घेतली आणि त्या भर पावसाळ्यांत ते खोप्यांपासून कांहीं फुटांवर बसून कोण येतें, कोण जातें, कोण काय करतें याची रोज टिपणें ठेवूं लागले. त्या टिपणांतून तयार झालेला निबंध १९३१ सालीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. ही संस्था १८८३ ची. तिच्या आठ संस्थापकांत डॉक्टर आत्माराम पांडुरंग आणि डॉक्टर सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते, ही गोष्ट मराठी माणसांना फारशी ठाऊक नसते, म्हणून येथें सांगून ठेवलेली बरी.

आतां नर घर कसें बांधतो तें पाहूं. प्रथम तो भाताच्या, गवताच्या किंवा माडाच्या पानावर बसतो, पानाची कड चोंचीनें थोडी कुरतडतो, तें टोंक चोंचींत धरतो आणि सरळ उडतो. उडण्याच्या ओढीनें पानाची एक लांब, सारख्या रुंदीची पट्टी टरकन् फाटून निघते. अशी पट्टी वीतभरापासून हात-दीड हातापर्यंत लांब असते. मग झावळीच्या टोंकाला गांठ मारून तो एक दोर लोंबकळत ठेवतो, दोराला कडें करतो, आणि त्या कड्यांत स्वतः बसून, चोंच पोहोंचेल तेथपर्यंत पट्ट्या आंत-बाहेर ओंवीत भोंवतीं विणीत जातो. घर त्याच्या अंगाच्या मापाचें होतें तें यामुळेंच. त्याचें अंग हाच त्याचा गज. एका खोप्यासाठीं सुमारें पांचशें खेपा कराव्या लागतात आणि सारें काम पुरें होण्यास अठरा-एक दिवस जातात.

पण तो सारें काम एका दमांत पुरें करीत नाहीं, आणि खरी मौज येथेंच आहे. सुमारें आठ दिवसांनीं खोपा शिपायाच्या शिरस्त्राणासारखा दिसूं लागतो. वर घुमट, खालीं दोन उघडीं तोंडें आणि मधून एक आडवी दांडी. येथें नर थांबतो. अर्धवट घराला उलटा लटकून तो पंख फडफडवितो आणि मोठ्यानें चिवचिवाट करतो. वसाहतींतले सारेच नर एकदम तसें करूं लागतात, कारण माद्यांचा थवा आलेला असतो. मादी येते, दांडीवर बसते, चोंचीनें इकडचा धागा ओढून पहाते, तिकडचा ओढून पहाते. लग्नाच्या बैठकींत वरपक्षाकडचीं वडील मंडळी मुलीला पहावयास येत आणि चालून दाखव, वाचून दाखव असें म्हणत, तसाच हा प्रकार. मात्र येथें परीक्षा द्यावयाची ती नवऱ्या मुलानें. अलीकडच्या संशोधनांत असें दिसून आलें आहे कीं, उंचावरचे, बारीक डहाळीला टांगलेले आणि बारीक धाग्यांनीं विणलेले खोपे माद्यांना अधिक पसंत पडतात. बारीक डहाळीवर साप किंवा उंदीर सहज उतरूं शकत नाहीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्यांची पारख किती व्यवहारी आहे तें कळतें. पसंती मिळाली तर नर एका तोंडाची पिशवी करून अंड्यांची कोठडी तयार करतो आणि दुसऱ्या तोंडाला खालीं लोंबणारी नळी जोडतो. नापसंत झालेला अर्धवट खोपा तसाच वाऱ्यावर हेलकावत रहातो. वसाहतींत असे पुष्कळ रिकामे घुमट दिसतात. खुळे लोक त्यांना नराचा झोपाळा म्हणतात.

खोपा अर्धा झाला असतां नर त्याच्या आंतल्या बाजूला ओल्या मातीचे किंवा शेणाचे गोळे थापतो. त्यावरून आपल्याकडे एक गोष्ट रूढ झाली आहे कीं, सुगरण ह्या मातींत काजवे चिकटवून घरांत दिवा लावते. गोष्ट गोड आहे आणि लहान मुलांना सांगण्यास हरकत नाहीं. पण ती खरी नाहीं. वाऱ्यांत हलका खोपा फार हेलकावूं नये म्हणून हें वजन असावें, असें कांहीं जाणत्यांचें मत आहे. खोपे बहुधा झाडाच्या पूर्वेच्या अंगाला टांगलेले असतात. कोंकणांत पाऊस व वारा येतो तो नैर्ऋत्येकडून. तेव्हां झाडाचा सगळा विस्तार त्यांच्या पाठीशीं भिंतीसारखा उभा रहातो. ज्या मजुरानें होकायंत्र कधीं पाहिलें नाहीं, त्याची ही दिशेची जाण आपल्या नव्या इमारतींच्या गच्च्या गळतांना पाहिल्यावर विशेषच मनांत भरते.

घर पुरें झालें, मादीनें दोन ते चार पांढरीं शुभ्र अंडीं घातलीं, म्हणजे कर्त्या पुरुषानें तेथें बसून राखण करावी अशी आपली अपेक्षा. तसें होत नाहीं. सालिम अलींच्या टिपणांतलें मुख्य नवल तें हेंच. मादी अंड्यांवर बसली कीं नर शेजारच्या झावळीवर दुसऱ्या खोप्याची गांठ मारूं लागतो, तो अर्धा झाला कीं पुन्हां पंख फडफडवितो, आणि दुसरी मादी पसंत करील तर दुसरा संसार थाटतो. एका पावसाळ्यांत असे दोन-तीन, क्वचित् अधिकही संसार तो मांडतो. अंडीं उबविणें सर्वस्वीं मादीकडे आणि पिलांना भरविण्याचा बहुतेक भारही तिच्याकडेच. ह्यावर नाक मुरडण्याचें मात्र कारण नाहीं. पावसाळ्यांत गवताचें कोंवळें बीं आणि किडे-अळ्या इतक्या मुबलक मिळतात कीं, एकटी आई पिलें वाढवूं शकते. जेथें एकटीला तें साधतें, तेथें नराचा वेळ अधिक घरें बांधण्यांत खर्च होतो. जेथें तें साधत नाहीं, तेथें सृष्टीनें नवऱ्याला कसें जखडून टाकलें आहे तें पुढें येईलच. तेव्हां सुगरण कोण, ह्या प्रश्नाचें उत्तर असें द्यावें लागतें कीं, घर बांधण्यापुरता नर आणि घर चालविण्यापुरती मादी. भाषेनें केलेली चूक अर्धीच आहे.

अशीच, पण पुरती चूक आपण दुसऱ्या एका पांखराच्या बाबतींत केली आहे. वसंत आला कीं आंब्याच्या झाडांतून पंचम स्वर ऐकूं येतो आणि आपण म्हणतों, कोकिळा गाते आहे. गोड गळ्याच्या स्त्रीला आपण कोकिळेचीच उपमा देतों. सरोजिनी नायडू ह्या भारतकोकिळा आणि लता मंगेशकर ह्या गानकोकिळा. पण तो चढत जाणारा 'कुहू' काढतो तो काळाभोर, लाल डोळ्यांचा नर कोकीळ. कोकिळा तपकिरी रंगाची व ठिपक्यांची. तिचा आवाज म्हणजे 'किक्-किक्-किक्' असा तुटक, घाबऱ्या बाईसारखा. संस्कृतांत मात्र ह्या पक्ष्याला 'परभृत' म्हणजे दुसऱ्यानें पोसलेला असें नांव आहे, आणि तें अगदीं अचूक आहे. कावळ्यांचीं घरटीं कोंकणपट्टींत पावसाच्या आधींच्या दोन-तीन महिन्यांत होतात, आणि कोकिळेचा हंगाम त्याला नेमका जुळलेला. नर समोरच्या फांदीवर येऊन ओरडतो, कावळे चवताळून त्याच्या पाठीस लागतात आणि तेवढ्यांत कोकिळा घरट्यांत अंडें घालून निघून जाते, असें निरीक्षकांनीं पाहिलें आहे. तें अंडें कावळ्याच्या अंड्याहून लहान, पण रंगानें मिळतेंजुळतें. शिवाय तें कावळ्याच्या अंड्यांच्या कांहीं दिवस आधीं फुटतें. आधीं जन्मलेल्या पिलाच्या उघड्या तोंडांत पहिला घांस पडतो. पक्ष्यांमध्यें चतुर म्हणून ज्याची ख्याति, तोच येथें फसतो.

कावळ्याला मूर्ख ठरविण्याची घाई मात्र करूं नये. मुंबईसारख्या शहरांत काटक्या दुर्मिळ झाल्या तेव्हां ह्या पक्ष्यानें तारांचे तुकडे वांकवून घरटीं बांधावयास सुरुवात केली; अशीं घरटीं आजही झाडांवर आणि दिव्यांच्या खांबांवर दिसतात. मुंबईच्या पक्ष्यांवर १९०० सालीं पुस्तक लिहिणारा एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हा गृहस्थ जन्मानें साताऱ्याचा आणि नोकरीनें जकात व मीठ खात्याचा. कावळा-चिमणी ह्यांसारख्या नित्याच्या पांखरांकडे टक लावून पहाण्यासारखें कांहीं आहे, हें शहरांतल्या वाचकांना पटवून देणाऱ्यांत तो अग्रणी होता.

नवऱ्याला जखडून टाकणारा संसार पहावयाचा तर धनेशाचा पहावा. विरारच्या पूर्वेस तुंगारेश्वरचें डोंगरी रान आहे. २००३ सालीं तें अभयारण्य म्हणून जाहीर झालें. धनेशाचा संसार अशा रानांतल्या जुन्या, पोकळ खोडांवर चालतो. उन्हाळ्याच्या तोंडाशीं धनेशाची मादी झाडाच्या ढोलींत शिरते आणि आपली विष्ठा, माती व फळांचा गर यांच्या लगद्यानें ढोलीचें तोंड आंतून लिंपून घेते. चोंच बाहेर येईल एवढी एक उभी फट तेवढी उरते. त्या कोंडवाड्यांत तिच्या पंखांचीं पिसें गळून पडतात. म्हणजे उद्यां भिंत फुटली तरी तिला उडतां येणार नाहीं. आणि नर? तो कित्येक आठवडे वड, पिंपळ आणि उंबर यांचीं फळें, मधून मधून किडे-सरडे, फटींतून तिला भरवीत रहातो. पिलें झालीं कीं खाणारीं तोंडें वाढतात आणि नर अक्षरशः झिजतो. एखाद्या शिकाऱ्यानें त्या दिवसांत तो नर मारला, तर एका गोळीनें सारें कुटुंब संकटांत पडतें. सुगरणीच्या नवऱ्यावर रागावलेल्या भगिनींनीं हा नमुना जरूर लक्षांत ठेवावा.

आणि पुरुषांनीं कमळपक्ष्याचा लक्षांत ठेवावा. कमळांच्या व शिंगाड्यांच्या तळ्यांत पानांवरून चालणारा हा पक्षी. बोटें इतकीं लांब कीं, त्याचा भार पानावर पसरून जातो आणि पान बुडत नाहीं. ह्यांच्यांत मादी मोठी आणि भांडखोर. तळ्याचा एक भाग ती आपल्या ताब्यांत ठेवते, एका नराच्या घरट्यांत चार अंडीं घालते आणि दुसऱ्या नराकडे निघून जाते. अंडीं उबविणें व पिलें सांभाळणें हें सारें नराचें काम. पाण्यावरच्या घरट्याला पुराचा आणि शत्रूचा धोका नेहमींचा. अंडीं वारंवार नाहींशीं होतात. तेव्हां उबविण्याचें ओझें उतरवून मादीला पुन्हां पुन्हां अंडीं घालण्यास मोकळी ठेवणें हाच त्यावरचा तोडगा होय.

ह्या दोन टोकांच्या मधोमध टिटवीचें घर आहे, आणि तें नवरा-बायको दोघें मिळून चालवितात. घर म्हणण्यासारखें तेथें कांहींच नसतें. माळावर किंवा शेताच्या कडेला खड्यांमध्यें खळगी करून चार अंडीं घातलेलीं असतात, आणि तीं खड्यांसारखींच दिसतात. पायाखालीं येईपर्यंत कळत नाहींत. ऊन कडक असलें तर टिटवी डबक्यांत जाऊन पोटाचीं पिसें भिजवते आणि ओल्या पोटानें अंड्यांवर येऊन बसते. नर व मादी पाळीपाळीनें बसतात आणि कुत्रें किंवा माणूस जवळ आलें तर दोघेंही डोक्यावर घिरट्या घालून आकांत करतात. त्या ओरडण्याला आपल्याकडे अपशकुन मानतात. वास्तविक तें ओरडणें आपल्यासाठीं नसतें, अंड्यांसाठीं असतें. टिटवी देखील समुद्र आटविते, ही म्हण ज्यानें केली त्यानें तिला अधिक बरें ओळखलें होतें. अलीकडे माळरानें कमी झालीं तशी टिटवीनें इमारतींच्या सपाट, खडी पसरलेल्या गच्च्यांवर अंडीं घातल्याचींही उदाहरणें नमूद आहेत. नवीं पिलें अंड्यांतून निघतांच चालूं लागतात, पण त्यांना उडतां येत नाहीं. गच्चीवरून तीं खालीं कशीं उतरणार, हा प्रश्न मात्र टिटवीच्या पिढीजात शहाणपणांत बसत नाहीं.

सुगरणीचीही आज हीच अडचण आहे. खोपा लटकविण्यासाठीं तिच्या नवऱ्याला झाडच पाहिजे असें नाहीं. विजेच्या आणि टेलिफोनच्या तारांवर ओळीनें खोपे विणलेल्या वसाहती आपल्या देशांत पुष्कळ ठिकाणीं पहाण्यांत आल्या आहेत. खुंटी बदलली तरी चालते; सूत बदलून चालत नाहीं. वसई-विरार महानगरपालिका २००९ सालीं स्थापन झाली आणि २०११ च्या खानेसुमारींत तिच्या हद्दींतली वस्ती बारा लाखांवर गेली होती. इतकीं माणसें कोठें तरी रहाणारच, आणि त्यांना घर नको असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. परंतु खाचरावर भराव पडला, कीं कडेचा ताड शोभेसाठीं राखला तरी त्यावर खोपा होत नाहीं, कारण पट्टी फाडावयास पान नाहीं आणि पिलांना भरविण्यास अळी नाहीं. पालिकेचा वृक्षगणक त्या ताडाची मोजदाद करतो. खाचराची नोंद कोणत्याच वहींत होत नाहीं.

जेथें खाचरें राहिलीं आहेत, तेथें भाद्रपद संपेपर्यंत पिलें उडून जातात आणि नराच्या माथ्यावरचा पिवळा रंग उतरूं लागतो. कापणीच्या सुमारास तो मादीसारखाच मळकट दिसतो आणि थव्यांत मिसळला कीं ओळखूं येत नाहीं. खोपे मात्र वाळून पिवळे पडून टांगलेलेच रहातात. हिवाळ्यांत त्यांतल्या एखाद्यांत हालचाल दिसली, तर सुगरण परत आली असें समजूं नये. तीं मनोलीचीं पांखरें असतात. सुगरणीनें टाकून दिलेलें घर तीं बिनभाड्यानें घेतात, आंत थोडीं पिसें व गवत पसरतात आणि आपलीं अंडीं घालतात.